1948 चा डॉलर, एमएस-64 चं लेबल आणि माझे 4,618 डॉलर

ओंटारियोत राहून जुनी नाणी जमवणाऱ्या मराठी मंडळींनी हे वाचाच. कुणी 1948 चा कॅनडाचा चांदीचा डॉलर दाखवत असेल, तर पैसे पाठवायच्या आधी वाचा. मला 4,618 डॉलरना लुबाडलंय. 4,350 नाण्याचे, 150 त्या तथाकथित मूल्यांकनाचे आणि 118 नंतर खरी तपासणी करून घेताना गेले ते.

हावेपोटी गेलो असतो तर गप्प बसलो असतो. आजोबांकडून आलेला 1947 चा वाघाचा निकेलचा रुपया माझ्याकडे आहे, त्यावर सहाव्या जॉर्जला ‘किंग एम्परर’ म्हटलंय. कॅनडाच्या नाण्यांवरही त्याच राजाच्या नावापुढे ‘एट इंड इम्प’, म्हणजे हिंदुस्थानचा सम्राट, असं असायचं. आपण स्वतंत्र झालो आणि ते शब्द काढावे लागले. नवे साचे यायला उशीर झाला, म्हणून ओटाव्याच्या टांकसाळीने 1948 उजाडलं तरी 1947 चीच नाणी पाडली, फक्त सालाशेजारी छोटं मेपलचं पान टाकून. नवे साचे आल्यावर 1948 सालाचे डॉलर निघाले ते जेमतेम 18,780. पुढच्याच वर्षी, 1949 चे, सहा लाखांहून जास्त निघाले. त्या रुपयाशेजारी हा डॉलर ठेवायचा, एवढीच माझी इच्छा होती. नाण्यांच्या प्रदर्शनातल्या विक्रेत्याने माझं आडनाव ऐकलं आणि हीच सगळी गोष्ट मलाच सांगितली. तुमच्या स्वातंत्र्यामुळे हे नाणं दुर्मीळ झालं, म्हणाला. आपली भावना कुठे आहे हे या लोकांना बरोबर कळतं.

आंधळेपणाने घेतलं असंही कुणी म्हणू नये. खिशातला छोटा काटा काढून वजन केलं, 23.3 ग्रॅम. व्यास 36 मिलिमीटर. चुंबक लावून पाहिलं. चिनी बनावट या डॉलरची भरपूर फिरते, ती या परीक्षेत बहुतेक उघडी पडते. हे नाणं सगळ्यात पास झालं, कारण नाणं खरंच होतं. खोटी होती ती ग्रेड, म्हणजे नाणं किती जपलेलं आहे हे सांगणारा दर्जा.

ते कडक प्लास्टिकच्या डबीत होतं, वर छापील लेबल, एमएस-64 (म्हणजे न वापरलेलं, 70 पैकी 64), बारकोड, नंबर, होलोग्राम. डबी बनवणाऱ्या कंपनीचं नाव वकिलाने लिहू नका म्हटलंय, पण नाण्यांना ग्रेड देणाऱ्या नामांकित संस्थांपैकी ती नव्हती: पीसीजीएस नव्हती, एनजीसी नव्हती आणि टोरांटोची आयसीसीएसही नव्हती. मी तेव्हाच विचारलं होतं, यांच्याकडून का नाही करून घेतलं? तो शांतपणे म्हणाला, ‘त्यांच्याकडे महिनोन्‌महिने रांग असते, आणि शेवटी तिथेही माणसंच बघतात ना?’ तिथेच उठायला हवं होतं. चार-साडेचार हजारांचं नाणं विकणारा माणूस थोडक्या फीसाठी आणि काही महिन्यांसाठी नामांकित संस्थेचा शिक्का टाळतो, याचा अर्थ एकच. तो शिक्का त्याला परवडत नाही. रोज रात्री मला ते वाक्य आठवतं.

आणि दिवा. टेबलावर दिवा होता, मी डबी तिरपी करून पाहिली. न वापरलेल्या चांदीच्या नाण्यावर उजेड आऱ्यांसारखा फिरतो, नाणं हललं की तोही सरकतो. इथे तो एका जागी गोठलेला होता, सगळीकडे सारखी पांढरी चकाकी. राजाच्या मानेपुढच्या मोकळ्या जागेत बारीक रेघा होत्या, एकाच दिशेने जाणाऱ्या. अशा रेघा बहुतेक वेळा कापडाने किंवा पॉलिशने घासल्यानेच पडतात. मी बोट ठेवून दाखवलं. ‘डबीचे चरे आहेत,’ म्हणाला. डबीच्या चऱ्यांना नखाने चाचपडून बघता येतं, हे त्या गर्दीत, मागे दुसरं गिऱ्हाईक उभं असताना कुणाला सुचणार?

किमतीची चाल तर फार पद्धतशीर होती. आधी कॅटलॉग उघडून दाखवला. मग इंटरनेटवर याच डॉलरच्या मागितलेल्या किमती. मागितलेली किंमत म्हणजे किंमत नव्हे, ती कुणीही काहीही लावतं. झालेल्या लिलावांचे आकडे बघा, त्याच ग्रेडचे, त्याच संस्थेचे, आणि कमीत कमी चार-पाच. एमएस-62 आणि एमएस-64 मध्ये आकड्याने दोनचा फरक दिसतो, पैशात तो भलताच असतो, त्यामुळे लेबलवरचा आकडा एखाद्या भलत्याच कंपनीने छापला असेल तर त्यावरून काढलेली किंमत कचऱ्यात जमा. शेवटी तो म्हणाला, ‘माझं ऐकू नका, तिऱ्हाईताकडून किंमत करून घ्या,’ आणि एक कार्ड दिलं. त्या तिऱ्हाईताने 150 डॉलर घेऊन लेटरहेडवर 5,200 लिहून दिले. खाली बारीक अक्षरात होतं, विम्यासाठी बदली मूल्य. विम्याची किंमत ही दुकानातून नवं आणायचं झालं तर काय पडेल ती असते. तुम्ही विकायला गेलात तर तेवढे कुणी देत नाही. विकणाऱ्याने सुचवलेला मूल्यांकन करणारा कधीही घेऊ नका. कधीही.

महिन्याभराने एका जुन्या व्यापाऱ्याने भिंगातून बघितलं आणि 850 म्हणाला. दुसऱ्याने 900. मग मी ते नामांकित संस्थेकडे पाठवलं, निकाल आला: एयू, म्हणजे किंचित वापरलेलं, घासलेलं, आकडी ग्रेड नाही.

आता खरा संताप. पोलीस ठाण्यातल्या अधिकाऱ्याने विचारलं, ‘नाणं खरं आहे ना? मग ग्रेड हे मत झालं. दिवाणी बाब आहे.’ मत! पैसे घेऊन ठरवून दिलेलं खोटं लेबल हे मत कसं होतं? फसवणुकीच्या सरकारी फोनवर पाऊण तास धरून ठेवलं, मग एक नोंदणी क्रमांक दिला आणि सांगितलं की ही माहिती फक्त नोंदीसाठी असते, तपास आम्ही करत नाही. मग तपास करतं कोण? बँक म्हणाली, ई-ट्रान्स्फर तुम्ही स्वतः केलीत, समोरच्याने पैसे उचलले, आमच्या हातात काही नाही. क्रेडिट कार्डने दिले असते तर निदान वाद घालता आला असता, म्हणून कार्ड नाकारणाऱ्याकडून काहीच घेऊ नका. स्मॉल क्लेम्सला, म्हणजे छोट्या रकमांच्या दिवाणी कोर्टात, अर्ज केला तर बिलावरचा पत्ता भाड्याची टपालपेटी निघाला. समन्स कुणाच्या हातात द्यायचं, हे सांगायलाही तिथे कुणी नाही. कर भरताना मात्र या सगळ्यांना माझा पत्ता बरोबर सापडतो.

एवढ्यात एक गोष्ट हाती लागली. त्याच माणसाकडून 1947 चा मेपलच्या पानाचा डॉलर घेतलेल्या एका गुजराती गृहस्थांनी मला त्यांचं जुनं बिल दाखवलं. त्या बिलावरचा फोन नंबर आणि माझ्या ‘तिऱ्हाईता’च्या लेटरहेडवरचा नंबर एकच आहे. दोन्ही कागदांच्या प्रती मी पुन्हा पोलिसांना दिल्यात, उत्तर अजून नाही. मिसिसागा, ब्रॅम्प्टन, हॅमिल्टनच्या प्रदर्शनांत कुणी असं कडक डबीतलं, अनोळखी कंपनीचं नाणं घेतलं असेल, तर बिल आणि मूल्यांकनाचं पत्र शेजारी ठेवून नंबर ताडून बघा. डबी फोडू नका, घासू नका, बिल फेकू नका. नंबर जुळला तर स्वतःच्या नावाने तक्रार नोंदवा आणि तक्रारीत लिहा की असे आणखी दोघे आहेत, मी आणि ते गुजराती गृहस्थ.