इलिनॉयचं प्राइड प्रशिक्षण: फॉस्टर पालक होण्याआधीचे २७ तास

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात फॉस्टर पालकाचा, म्हणजे आईवडिलांपासून दूर ठेवलेलं मूल तात्पुरतं आपल्या घरी सांभाळण्याचा, परवाना हवा तर आधी प्राइड हे प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. तीन-तीन तासांची नऊ सत्रं, फी नाही. परवाना दोघांच्या नावावर घ्यायचा तर दोघांनीही बसायचं. एकाने ऐकून दुसऱ्याला सांगितलेलं चालत नाही. सत्र बुडलं की ते भरून काढेपर्यंत परवाना अडतो, म्हणून नऊही तारखा मोकळ्या असतील तेव्हाच नाव घाला.

पहिली दोन सत्रं ओळखीची. सगळ्यात मोलाचं चौथं, मुलाने काय काय गमावलंय त्याबद्दलचं. घर तुटलेलं मूल रडेलच असं नाही. उशीच्या अभ्र्यात ब्रेडचे तुकडे दडवून ठेवेल. अशा वेळी ओरडू नका. त्याचा हात पोचेल तिथे खाऊचा डबा ठेवा आणि तो कधी रिकामा राहू देऊ नका. उद्याही खायला मिळणार हे पटलं की लपवणं हळूहळू कमी होतं. त्याने आणलेले कपडेही न विचारता धुवायला टाकू नका. त्या मळक्या स्वेटरला त्याच्या घराचा वास असतो.

पाचवं आणि सातवं सत्र मुलाच्या मूळ कुटुंबाबद्दल. दत्तक आणि फॉस्टर एकच समजून आलेले इथे हमखास अडखळतात. बहुतेक वेळा पहिला प्रयत्न मूल आईवडिलांकडे परत जावं हाच असतो. आईला भेटून आल्यावर मूल रात्री बिथरलं, तर भेटीच बंद करा म्हणू नका. ताटातूट पुन्हा झालेली असते, त्याचा तो त्रास असतो.

सहावं शिस्तीचं. धपाटासुद्धा चालत नाही, आणि ते योग्यच आहे. पण मारायचं नाही तर करायचं काय, याच्या सरावाला तीन तास फार अपुरे पडतात. कृष्णवर्णीय मुलांच्या केसांची आणि त्वचेची निगा, मुलाला शाळेत लागणाऱ्या विशेष शिक्षणाबद्दलच्या बैठका यांचीही नीट तयारी होत नाही. परवाना चार वर्षांचा असतो आणि तेवढ्यात आणखी १६ तासांचं प्रशिक्षण घ्यावंच लागतं. ते शेवटच्या वर्षावर ढकलू नका. हे विषय पहिल्याच वर्षी उरका.

घरात राहणाऱ्या १८ वर्षांवरच्या प्रत्येकाच्या बोटांचे ठसे लागतात. भारतातून आई-बाबा सहा महिने राहायला येणार असतील तर परवान्याचं काम पाहणाऱ्या कार्यकर्तीला तिकिटं काढण्याआधीच विचारून घ्या.