८५ की ३५? ब्लॅक अँड व्हाइट पोर्ट्रेटमध्ये एकटेपणा पकडायला कुठली लेन्स घ्यावी

बजेटमध्ये एकच प्राइम (झूम न होणारी लेन्स) बसतेय, ८५ मिमीची (अरुंद, चेहऱ्यापुरती फ्रेम) किंवा ३५ मिमीची (रुंद फ्रेम), आणि घरच्या आजोबांचे, शेजारच्या काकूंचे असे ब्लॅक अँड व्हाइट पोर्ट्रेट काढायचेत की बघणाऱ्याला एकटेपणा जाणवला पाहिजे. कुणालाही विचारा, "पोर्ट्रेट ना, मग ८५" म्हणून मोकळे होतात. मला तसं वाटत नाही. (आकडे सगळे फुल फ्रेमचे, म्हणजे ३६ बाय २४ मिमी सेन्सरच्या कॅमेऱ्याचे धरा.)

८५ चेहरा देते आणि काय देते! दोन मीटरवरून एफ १.८ ला (लेन्सचं छिद्र मोठं उघडलेलं) जेमतेम सहा सेंटिमीटर फोकसमध्ये राहतं, म्हणजे डोळे शार्प, कान सॉफ्ट, मागचं सगळं गायब. डोळ्यांखालची सूज, दाढीचे पांढरे खुंट, सगळं दिसतं. मूडसाठी जबरदस्त. पण माणूस उदास आहे एवढंच कळतं, एकटा आहे की नाही ते नाही, बाजूला अख्खं खानदान बसलेलं असलं तरी फोटो तोच येणार. अमेरिकन फोटोग्राफर रिचर्ड ॲव्हेडनने १९५७ मध्ये काढलेला हॉलिवूडची नटी मेरिलिन मन्रोचा फोटो बघा, मागे काहीच नाही, नजर कुठेतरी हरवलेली, आणि तरी एकटेपणा अंगावर येतो. पण तिचा हसरा चेहरा जगाला पाठ होता म्हणून तो न हसणारा चेहरा बोलतो. आपल्या काकूंच्या बाबतीत ती सोय नाही.

३५ मध्ये रिकामी जागा फ्रेममध्ये येते आणि माझ्या मते खरं काम तीच करते. पुण्यातल्या कसबा पेठेतला एखादा जुना वाडा घ्या. काकू ओसरीवर खांबाला टेकून बसल्यात, चौकातला उजेड चेहऱ्याच्या एकाच बाजूला, मागे माजघराचा काळोख आणि शेजारी रिकामा झोपाळा, ज्याच्या गादीला एकाच बाजूला खड्डा पडलाय. तो खड्डा ८५ मध्ये येणारच नाही. चेहऱ्यावर स्पॉट मीटरिंग करून (फक्त तेवढ्याच जागेचा उजेड मोजून) स्टॉपभर अंडर ठेवा, म्हणजे उजेड निम्मा, माजघर आपोआप काळंकुट्ट होतं. अमेरिकन फोटोग्राफर अर्नोल्ड न्यूमनने १९४६ मध्ये संगीतकार स्ट्राविन्स्कीचा फोटो काढला त्यात माणूस खाली कोपऱ्यात आणि बहुतेक फ्रेम पियानोच्या झाकणाने खाल्लेली, तसं धाडस इथे करता येतं.

गर्दीतही ३५ च. मंडईत सकाळी गाळेवाल्या काकांना सांगून स्थिर बसवायचं, ट्रायपॉड, शटर १/८ सेकंदाच्या आसपास, येणारी-जाणारी माणसं धूर होतात आणि काका तेवढे उरतात.

३५ चा त्रास म्हणजे पसारा. लाइटचा मीटर, सिलिंडर, निळी बादली, सगळं येतं. रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रोसेस न केलेली फाइल) शूट केलं तर सॉफ्टवेअरमध्ये ब्लॅक अँड व्हाइट करताना निळा स्लायडर खाली ओढून बादली अंधारात ढकलता येते, आणि नारिंगी स्लायडर आपल्या कातडीचा, वर नेला की चेहरा उजळ आणि गुळगुळीत, खाली नेला की सुरकुत्या बोलायला लागतात. सिलिंडर मात्र हातानेच उचलून बाजूला ठेवा. आणि फार जवळ जाऊ नका, नाक मोठं येतं, चेहरा फ्रेमच्या कडेला ठेवला तर ताणला जातो.

८५ घ्यायची तर एवढ्यासाठी घ्या की समोरचा माणूस लाजतोय, तुम्ही लांब असलात की सैल होतो, किंवा तुम्हाला मुळात चेहरेच आवडतात. पण वाड्यातल्या दहा बाय दहाच्या खोलीत कंबरेपर्यंतची फ्रेम घ्यायची तरी तुमची पाठ भिंतीला लागेल.

क्रॉप बॉडी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा कॅमेरा) असेल आणि सोबत १८-५५ किट लेन्स आली असेल तर पैसे टाकायच्या आधी २४ वर आणि ५५ वर एकाच माणसाचे फोटो काढून बघा, फ्रेम साधारण ३५ आणि ८५ सारखीच मिळते. ५५ ला एफ ५.६ (लहान छिद्र) असल्यामुळे मागचं तेवढं विरघळणार नाही, पण आपल्याला चेहरा हवाय की झोपाळा, ते एका रविवारात कळतं.