रिसॉर्ट, सिंहगड, श्रमदान की अंगतपंगत?

वीस-पंचवीस जणांची टीम, हातात एक शनिवार आणि बेताचं बजेट. आपसातल्या ओळखी वाढाव्यात म्हणून काय करावं? पुण्यातल्या ऑफिसात अशा वेळी हटकून दोनच नावं निघतात, मुळशीकडचं एखादं रिसॉर्ट नाहीतर सिंहगड.

रिसॉर्टला सोय चोख. पूल, दोरीखेच, रात्री डीजे. पण बसमध्ये जे घोळके शेजारी बसतात तेच जेवायलाही एकत्र बसतात, आणि नवा मुलगा गेला तसाच मोबाइल चाळत परततो. टीम दमली असेल तर खुशाल जा. ओळखी वाढतील म्हणून जाऊ नका.

सिंहगड बरा. आतकरवाडीतून चढताना साहेबही सरबताच्या टपरीवर बसकण मारतात, त्यांची सॅक कुणीतरी उचलतं. वर पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही. अडचण एकच, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना आपण सहज म्हणतो, "तुम्ही गाडीने या." मग ती दोघं तासभर खेकडाभजी खात आपली वाट बघतात.

श्रमदानाचं वेगळं. २०१६ ते २०१९ या काळात पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपसाठी, म्हणजे गावांच्या जलसंधारणाच्या स्पर्धेसाठी, शहरातली कितीतरी माणसं गावोगाव राबली. घमेल्यांच्या साखळीत शेजारच्याच्या हाताकडे बघावंच लागतं, नाहीतर माती पायावर. खोदणं झेपत नसेल त्याने रिकामी घमेली मागे द्यावी, पाणी वाटावं. साखळीत त्यालाही जागा असते. मात्र गावाला विचारून जा. फोटोपुरतं गेलात तर गावकऱ्यांना पहिल्या दहा मिनिटांत कळतं.

तरी एकच निवडायचं तर मी आठवड्याची अंगतपंगत निवडेन. खर्च शून्य. गुरुवार तेवढा टाळा, निम्म्यांचा उपवास निघतो. सगळे डबे मधोमध, पॅन्ट्रीतले काका आणि सिक्युरिटीवालेही पंगतीत. खरी कसोटी सुकटीचा डबा उघडल्यावर लागते. आमच्याकडे एकीने नाक मुरडलं, आणि डबा आणणारी पुढचे दोन महिने जागेवरच जेवली. तिला परत बोलवायला मॅनेजर स्वतः ताट घेऊन गेले आणि म्हणाले, "आईंना सांगा, मला त्यातलं थोडं हवंय." ती हसली, "आई नाही सर, माझा नवरा करतो."

तेव्हा शनिवारचं बजेट श्रमदानाच्या बसला लावा, आणि अंगतपंगतीसाठी बुधवारी दुपारी एक ते दोन मीटिंग ठेवू नका.