धडक देऊन गाडी पळाली: तहसीलमध्ये अर्ज की न्यायाधिकरणात दावा?

मागच्या पावसाळ्यात सोलापूरजवळच्या बाळे गावाच्या पुढं पुणे हायवेवर माझ्या चुलतभावाला एका गाडीनं उडवलं. गाडी थांबलीच नाही. रस्त्यावर इंडिकेटरचा केशरी तुकडा तेवढा पडला होता. मांडीचं हाड मोडलं. तेव्हापासून हे दोन्ही मार्ग मला तोंडपाठ झालेत.

गाडीचा पत्ताच नसेल तर हिट अँड रन भरपाई योजना. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यू झाल्यास २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार. अर्ज अपघात घडला तिथल्या प्रांत किंवा तहसीलदारांकडे, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही. पण ५० हजारांत आमचा मांडीत रॉड टाकायचा खर्चही निघाला नाही.

गाडी सापडली तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. बुडालेली कमाई, कायमचं अपंगत्व, पुढचे उपचार, सगळं तिथं मोजलं जातं. वेळ मात्र लागतो, आणि चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. दावा दाखल करायला कायद्यात मुदत ६ महिन्यांची आहे.

माझं ऐकाल तर आधी एफआयआर करा आणि त्याच दिवशी पेट्रोल पंप, धाबे, टोलनाका इथलं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवायला पोलिसांना सांगा. थोड्याच दिवसांत ते पुसलं जातं. तो केशरी तुकडाही पंचनाम्यात यायलाच हवा. योजनेचा अर्ज लगेच भरा. नंतर गाडी मिळाली तर दावा करता येतो, फक्त योजनेतून मिळालेली रक्कम त्यातून परत करावी लागते.