मच्छरदाणीचा हॅमॉक आणि कोकणची झाडं : दिवाळीपासून मेअखेरपर्यंतचा अनुभव

दिवाळीच्या सुट्टीपासून मेअखेरपर्यंत हा हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमध्ये बांधून झोपायची झोळी, मी श्रीवर्धनपासून खाली सिंधुदुर्गातल्या निवतीपर्यंत वापरला. जिथे झाड आणि परवानगी दोन्ही मिळाली, तिथे बांधला. नायलॉनचं पॅराशूट कापड, लांबी तीन मीटर, दुहेरी तळ, वर शिवलेली आणि चेनने बंद होणारी मच्छरदाणी. मत आधीच सांगते: किनाऱ्यावर रात्र काढायची असेल तर हा तंबूपेक्षा शंभर पटीने बरा. फक्त झाडाला बांधायला सोबत आलेले पट्टे पहिल्याच दिवशी बाजूला ठेवा. आणि झाड निवडायला जेवढा वेळ द्याल, तेवढीच झोप लागेल.

तंबूपेक्षा बरा का, तर घामामुळे. नोव्हेंबर आणि मार्चनंतरच्या रात्री इथे हवा इतकी दमट असते की तंबूत कपडे वाळत नाहीत, माणूसही वाळत नाही. हॅमॉकमध्ये खालून-वरून वारा खेळतो. दुसरं कारण जमीन. जांभ्याच्या दगडांखाली आणि पाचोळ्यात फुरसं हा विषारी साप असतो, तांबडा विंचूही असतो. या विंचवाच्या दंशावर महाडमध्ये राहून आयुष्यभर काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली, यावरून हा प्रश्न कोकणात किती खरा आहे ते कळावं. झोळीत तुम्ही जमिनीपासून वर असता, पण चपला-बूट खालीच राहतात. ते पिशवीत घालून दोरीला टांगा. रात्री उतरताना बॅटरी आधी, पाय नंतर.

आता झाडं. घाटावरून पहिल्यांदा येणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दोन माडांमध्ये बांधलेली झोळी असते. माडाखाली झोपू नका. सोडणासकट, म्हणजे वरच्या सालीसकट, नारळ दीडेक किलोचा सहज भरतो आणि पन्नास फुटांवरून येतो. वाळकी झावळ तर नारळाहून जड. तोंडवळीला एका आजोबांनी मला नुसतं तिकडे बघताना पाहून लांबूनच आवाज दिला, "थंय झोपू नकात, नारळ पडतलो." त्यांच्या आगरात आदल्याच दिवशी पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, येऊन गेला होता, झाडं मोकळी होती, तरी त्यांनी मला आंब्याखालची जागा दाखवली. दुसरी अडचण अंतराची. माडांची लागवड साधारण साडेसात मीटरवर असते. एवढ्या अंतरात झोळी नीट बसवायची तर पट्टा खोडाला नऊ फुटांवर बांधावा लागतो. तिथे हात पोचत नाही.

पोफळीचं उलट आहे. त्या पावणेतीन मीटरवर लावतात, म्हणजे तीन मीटरची झोळी मावतच नाही. शिवाय खोड बारीक, वाऱ्यावर वाकणारं, आणि एकेक झाड त्या घराचं वर्षाचं उत्पन्न असतं. पोफळीला पट्टा लावूच नये, मालकाने हो म्हटलं तरी.

सुरूच्या बनात अंतर जमतं. झाडं दाट लावलेली असतात, मधलं एक सोडून पुढचं धरलं की साधारण चार मीटर मिळतात, आणि गुहागरसारख्या लांब किनाऱ्यावर सावलीही छान. पण समुद्राकडची पहिली रांग सोडा. वाळू खचून मुळं उघडी पडलेली असतात आणि झाड उभं दिसलं तरी पकड गेलेली असते. रायगड आणि उत्तर रत्नागिरीत आणखी एक गोष्ट बघा. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, दापोली, मंडणगड भागातल्या वाड्या आडव्या केल्या. त्यात वाचलेली कितीतरी झाडं आजही कलती आहेत, काहींचे शेंडे मोडके आहेत. बांधण्याआधी मान वर करून पूर्ण झाड बघा, मग खोडाला खांदा लावून जोरात ढकला. वर काही करकरलं तर पुढच्या झाडाकडे चला.

माझा सगळ्यात जास्त विश्वास बसला तो जुन्या रायवळ आंब्यावर आणि किनाऱ्यालगतच्या उंडीवर. फणसही दणकट, पण फेब्रुवारीनंतर त्याच्या खोडालाच फळं लगडतात, तेव्हा त्याला त्रास देऊ नये. हापूसच्या कलमांखाली मोहोर आल्यापासून फवारण्या चालू असतात, तिथे रात्रभर नाक उघडं ठेवून झोपणं बरं नव्हे. काजूचं लाकूड ठिसूळ. त्याचा चीक कापडाला लागला तर डाग कायमचा. आणि कुठलंही झाड असो, पानं शिवून केलेली हुमल्यांची घरटी आहेत का ते आधी पाहा. या तांबड्या मुंग्या पट्ट्यावरून सरळ आत उतरतात. पट्टा आणि झोळी यांच्या मधल्या दोरीवर कडुनिंबाच्या तेलात भिजवलेली चिंधी बांधली, तेव्हापासून मला त्रास झाला नाही.

पट्ट्यांबद्दल जरा सविस्तर, कारण पैसे इथे घालावेत असं माझं ठाम मत आहे. सोबत आलेले पट्टे नायलॉनचे आणि दोन मीटरचे होते. नायलॉन दवाने भिजलं की ताणतं, मग रात्री अकराला गुडघ्याच्या उंचीवर असलेली झोळी पहाटे जमिनीला टेकायला येते. पॉलिएस्टरचे, किमान अडीच सेंटीमीटर रुंद, प्रत्येकी पाच मीटरचे पट्टे घ्या. एवढी लांबी लागतेच, कारण आंब्याच्या खोडाला एक वेढा द्यायलाच दोन-अडीच मीटर जातात. रुंद पट्टा सालीत रुतत नाही. बारीक सुंभ किंवा नायलॉनची दोरी थेट खोडाला बांधलेली पाहून बागायतदार चिडतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

पट्टा आडव्या रेषेशी साधारण तीस अंशांत उतरला पाहिजे. झोळी ताठ ओढून बांधायचा मोह सगळ्यांना होतो. हिशेब असा आहे: सत्तर किलोचा माणूस तीस अंशांत झोपला तर दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर सत्तर-सत्तर किलोचा ताण येतो. तोच कोन दहा अंशांवर आणला की प्रत्येक पट्ट्यावर दोनशे किलो. झाडं साडेचार मीटरवर असतील तर पट्टा सहा फुटांवर बांधा, बसायची उंची आपोआप बरोबर येते. झोपताना डोकं एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला असं तिरकं पडा. पाठ सरळ राहते. हे जमलं नाही म्हणून कितीतरी जण हॅमॉकने कंबर धरते असं म्हणतात.

थंडीचं आश्चर्य वाटेल. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाठ गारठते, कारण अंगाखालचं पांघरूण दबून जातं आणि खालून वारा लागत राहतो. दुहेरी तळाच्या दोन थरांमध्ये फोमची पातळ चटई सरकवा. त्याने खालून कापडातून चावणारे डासही थांबतात, मच्छरदाणी असूनही हा प्रकार होतोच. एकेरी तळाचा हॅमॉक कोकणासाठी घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाला तरी.

दवासाठी वर ताडपत्री किंवा टार्प हवाच. तो बांधताना वाऱ्याचा विचार करा. संध्याकाळी समुद्रावरून खारा वारा येत असतो, म्हणून लोक समुद्राची बाजू बंद करतात. रात्री उशिरा तो पडतो आणि जमिनीवरून मतलई वारा सुटतो, गार तो असतो. टार्पची खालची कड डोंगराच्या बाजूला ठेवा.

भरतीचा अंदाज किनाऱ्यावरचे लोक तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला अकरा-बाराच्या सुमारास. अमावस्या-पौर्णिमेचं उधाण वाळूत किती वर येतं ते वाळक्या शेवाळाच्या ओळीवरून दिसतं. त्या ओळीच्या बऱ्याच वर राहा. वेळास, आंजर्ले, गुहागरकडे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, तिथे किनाऱ्याकडे तोंड करून दिवा लावू नका. पिल्लं समुद्राऐवजी उजेडाकडे जातात. तळकोकणात दोडामार्गच्या जंगलपट्ट्यात मी झोळी बांधली नाही. 2016 मध्ये तिथे माकडतापाची साथ आली होती, तो गोचिडीतून होतो आणि ऐन कोरड्या हंगामात.

परवानगीशिवाय एकही रात्र काढू नये असं मला वाटतं, आणि बाईमाणसाने तर नाहीच. मोकळं दिसणारं आगर कुणाचं तरी असतं. बऱ्याचदा सातबारा सामाईक, निम्मे हिस्सेदार मुंबईत. समोरच्या घरी जाऊन "काकी, आजची रात्र आंब्याखाली झोळी बांधू का?" एवढं विचारलं की बहुतेक ठिकाणी हो मिळतं. वर पाणी, न्हाणीघर आणि कुठलं झाड टाळायचं ही माहितीही. एखाद्या झाडाखाली राखणदार (जागा राखणारं दैवत) आहे, तिथे नको, असं सांगितलं तर वाद घालू नका. देवराईत तर बांधायचंच नाही. निघताना राहण्याचे म्हणून पैसे द्या. घेत नसतील तर त्यांच्याकडचे काजू, कोकम विकत घ्या.

टिकण्याचं म्हणाल तर कापड उन्हाने फिकं झालं, शिवण मात्र कुठे उसवली नाही. लाल मातीचे डाग जात नाहीत. खाऱ्या हवेने स्टीलच्या कड्या महिन्यातच गंजल्या, त्या जागी ॲल्युमिनियमच्या लावल्या. जाळीची चेन मिठाने अडकू लागली होती. प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवायला लागले, मेण फिरवलं, आता ती नीट चालते. ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात विजा असतात तेव्हा, आणि जून ते सप्टेंबर, हॅमॉक घरात ठेवा. पूर्ण वाळवून, सुती पिशवीत, सैल घडी घालून. प्लास्टिकमध्ये बांधून ठेवलात तर गणपतीपर्यंत बुरशी धरते.