बंदी की फवारणीचे नियम? नाल्याकाठच्या गावांसाठी तुलना

नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-कळमेश्वर भागातल्या ग्रामसभेत कीटकनाशकांचा विषय निघाला की दोन मागण्या पुढे येतात: अमुक औषध बंद करा, किंवा फवारणीला नियम लावा. गावाला आधी एकाच मागणीमागे जोर लावता येणार असेल, तर मी नियमांच्या बाजूने आहे.

माणसाचा जीव वाचवायला बंदी लागतेच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन २० हून अधिक माणसं दगावली, तेव्हा राज्याने पाच औषधांवर बंदी घातली, पण ६० दिवसांपुरती. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यानुसार राज्याला तात्पुरतीच बंदी घालता येते. कायमची बंदी केंद्राच्या हातात. ग्रामसभा ठराव करून मागणी करू शकते, बस.

पाण्याचं मात्र बंदीने भागत नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं जहाल कीटकनाशक गेलं की शेतकरी पायरेथ्रॉइड या दुसऱ्या गटातल्या, सायपरमेथ्रिनसारख्या औषधाकडे वळतो. माणसाला ते तुलनेनं कमी घातक, पण मासे आणि झिंगे अगदी थोड्या मात्रेनेही मरतात. हे औषध मातीला चिकटतं आणि जोराच्या पावसात गाळाबरोबर नाल्यात, तिथून जाम नदीत उतरतं. इमिडाक्लोप्रिड हे आणखी एक कीटकनाशक, त्याचं वेगळं: ते पाण्यात विरघळतं आणि मासे ज्यांवर जगतात ते पाणकिडे मारतं. औषधाचं नाव बदललं तरी नाल्याकडे जाणारी वाट तशीच उघडी राहते.

नियम ती वाट अडवतात. नाल्यालगतच्या धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) गवत राखून तिथे फवारणी टाळली तर बराच गाळ तिथेच थांबतो. पंप नाल्यात धुवायचा नाही, पाऊस भरून आला असेल तर फवारायचं नाही. या दोन्हींना पैसा लागत नाही.

हवेबाबत एक समज घातक आहे: वारा पूर्ण पडलेला असताना फवारणी सर्वात सुरक्षित. पहाटे अशा वेळी थंड हवा जमिनीलगत साचून राहते आणि बारीक थेंब त्यात तरंगत वस्तीपर्यंत जातात. घरं आणि नाल्याकडून शेताकडे येणारी हलकी झुळूक असेल ती वेळ बरी. कडक उन्हात थेंब वाळून आणखी बारीक होतात, म्हणून भर दुपार टाळावी.

नियमांची खरी कमजोरी अंमलबजावणी. दोन एकरवाल्याला धुऱ्यालगतचं पीक सोडणं जड जातं, आणि शेजाऱ्याची तक्रार कोण करणार? म्हणून फवाऱ्यांची संख्या घटवणं सोबत हवंच. पऱ्हाटीत (कपाशीत) कामगंध सापळे लावा, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढून पकडणारे सापळे. गुलाबी बोंडअळीचे पतंग सलग ३ रात्री सापळ्यामागे ८ पर्यंत गेल्यावरच औषध घ्या. नागपुरातच केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, तिचा सल्ला विचारता येतो.

संत्र्याच्या बागेत हे नियम आणखी कडक हवेत. ब्लोअर, म्हणजे पंख्याच्या जोरावर फवारणारं यंत्र, फवारा झाडाच्या शेंड्यावर उडवतो, तो पऱ्हाटीपेक्षा कितीतरी दूर जातो. नाल्याकडच्या शेवटच्या ओळी बाहेरून आत, नाल्याकडे पाठ करून फवारायच्या, तेवढं तरी ठरावात लिहून घ्या.