मिरजेच्या सतारमेकर गल्लीतलं एक तंबोऱ्याचं दुकान

सांगलीहून मिरज दहा किलोमीटर पण नसेल आणि मी इतक्या वर्षात सतारमेकर गल्लीत पहिल्यांदा गेलो, खरंच वाईट वाटलं. भाचीला तंबोरा घ्यायचा होता. दुकानातले काका म्हणाले, "बसा निवांत, आधी बघा." मग त्यांनी तंबोऱ्याचा खालचा गोल भाग ज्याचा करतात तो वाळवलेला भोपळा दाखवला, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो, हातात घेतला तर एकदम हलका! नंतर घोडीवर, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुती दोरा नखभर मागंपुढं सरकवला आणि नुसता टणटण करणारा सूर असा भरून घुमायला लागला की भाची बघतच राहिली, जवारी म्हणतात ती हीच. अर्धा तास फक्त त्यावरच गेला.

२०२४ ला मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला जीआय टॅग (ठरावीक ठिकाणच्या खास वस्तूला मिळणारी सरकारी ओळख) मिळालाय, तरी बाहेरून येणारा माणूस दर्गा बघून परत जातो. आम्हालाही स्टेशनवरून तीनदा विचारत यावं लागलं, रिक्षावाल्यालाच गल्ली माहीत नव्हती. काम बघायचे वेगळे पैसे घेतले नाहीत, पण घ्यायला पाहिजेत, मी तरी आनंदाने देईन. तंबोरा बुक केलाय. जाणार असाल तर सकाळी जा, हातात वेळ ठेवून.